भिंतीलगतची चौथी बाबागाडी

१

दुपारचं जेवण आटोपलं की आमच्या अंगणात बाबागाड्या यायच्या. तळमजल्यावरची एल्ना तिच्या पाल्लेची आणायची, वरच्या मजल्यावरचं विद्यार्थ्यांचं जोडपं त्यांच्या मुलीची, आणि मी माझ्या नातीची, मारेनची. मुलांना लोकरीत गुंडाळायचं, गाडीचा टप पुढे ओढायचा, गाड्या भिंतीलगत ओळीने लावायच्या आणि आपापल्या कामाला लागायचं. मग धुकं असो की बर्फ भुरभुरत असो. गार हवेत मूल गाढ झोपतं, आणि बाईमाणसाला भांडी घासून घटकाभर पाय पसरता येतात. माझी आई असंच करायची, तिची आईही असंच करायची. कोपनहेगनात कुणाला यात काही विशेष वाटत नाही.

भिंत बेकरीची होती. पलीकडे भट्टी, म्हणून दगड कोमट असायचे आणि मुलं तिथे खूश असायची. त्या भिंतीत उंचावर एक काळा लोखंडी गोळा रुतलेला आहे. इंग्रजांनी शहरावर तोफा डागल्या तेव्हाचा. आमच्या भागात बऱ्याच घरांना असं काहीतरी चिकटलेलं आहे. त्याच्यावर चिमण्या बसतात, याहून जास्त त्याचा कुणी विचार करत नाही.

अंगणाची एक रीत होती. येता-जाता कुठल्या गाडीतून कुरकुर ऐकू आली, तर तिचा दांडा धरून दोन झोके द्यायचे आणि पुढे जायचं. गाडी कुणाचीही असो. पण टप उचलून आत डोकवायचं नाही. परका चेहरा बघून मूल जागं झालं, तर ज्याने जागं केलं त्यानेच निजवायचं. त्यामुळे कुणी डोकवायचं नाही.

मीही कधी डोकावले नाही. दिवसातून चार-पाच वेळा मी ओळीतल्या सगळ्या गाड्यांना झोके द्यायचे, आणि शेवटची गाडी, ती टप चिरलेली, तिलाही द्यायचे. तिच्या टपाला एवढी मोठी चीर होती की पाऊस आला की थेंब थेट आत. एल्नाला मी एकदा म्हटलंही होतं, "हिची आई कोण बया आहे? वीतभर मेणकापड लावायला काय होतं तिला?"

एल्ना म्हणाली, "काकू, तिला ऐकू जाईल."

आम्ही दोघी हसलो आणि आत गेलो.

२

त्या शरद ऋतूत डाग्नी आली. माझी मावसबहीण. तिची आई लग्न करून अर्जेंटिनाला गेली ती परत आलीच नाही. डाग्नीचा जन्म तिकडचा, गुराढोरांच्या माळावरचा. साठी उलटल्यावर आईचं शहर बघायला म्हणून ती बोटीने आली. आल्या दिवशी धक्क्यावर मला कडकडून मिठी मारली आणि आमच्या आज्यांच्या वेळच्या डॅनिशमध्ये म्हणाली, "थोरे, तू म्हातारी झालीस."

"तुझ्या वाटणीचीही मीच झालेय," मी म्हटलं.

तिच्याबरोबर घरात हसू आलं. रोज सकाळी टोपी चढवून, शहराचं पुस्तक काखेत मारून बाहेर पडायची आणि संध्याकाळी पाय कोमट पाण्यात घालून हकीकत सांगायची. माझी मुलगी बिर्ते टेलिफोनच्या कचेरीतून दमून यायची, पण मावशीचं बोलणं ऐकायला जेवणानंतरही बसून राहायची.

"ती जलपरी," डाग्नी म्हणायची, "आईने मला केवढी सांगितली होती. आणि बघते तर खडकावर एवढीशी पोर बसलेली, पाय भिजतील म्हणून आखडून. मी तिला म्हटलं, बाई, घरी जा, थंडी बाधेल."

"आणि गोल मनोरा?"

"तिथे जिनाच नाही. नुसता चढाव, गोल गोल. कुठलासा बादशहा म्हणे घोड्यावरून वर गेला. मीही गेले असते, घोडा कुठेय? आमच्याकडे घोडे आहेत तर मनोरा नाही."

तिला सगळं आवडलं. हिरवी पडलेली तांब्याची छपरं, सायकलीवरून जाणाऱ्या म्हाताऱ्या, मुरवलेला मासा घातलेला काळा पाव. एकच गोष्ट तिला पटली नाही.

"तुम्ही पोरं बाहेर टाकता," ती म्हणाली. "अंगणात. आमच्याकडे वासरूसुद्धा गोठ्यात घेतात."

"म्हणून तुमची वासरं सर्दीने शिंकतात."

"थोरे, मी चेष्टा करत नाहीये. तिचं नाक बघ, बिटासारखं लाल झालंय."

"ते निरोगीपणाचं लाल आहे."

यावर आमचं रोज जुंपायचं. बिर्ते म्हणायची, आई, मावशीशी भांडल्याशिवाय तुला आता जेवण जात नाही.

३

डाग्नीला एक सवय होती. जेवण झालं की स्वयंपाकघराच्या खिडकीत बसायचं आणि तिकडचा कडू पाला गरम पाण्यात घालून नळीने ओढायचा. एके दिवशी अशीच नळी ओढता ओढता तिने विचारलं, "थोरे, या इमारतीत तान्ही मुलं तीनच ना?"

"तीनच."

"मग गाड्या चार कशा?"

मी बटाटे सोलत होते. "चौथी कुणाची तरी असेल."

"कुणाची?"

"अगं, असेल कुणाची तरी. लोकांच्या बाबागाड्यांच्या चौकशा कोण करत बसतं?"

"मी," डाग्नी म्हणाली आणि खाली गेली. मग मलाही हात पुसत मागे जावं लागलं.

एल्ना कपडे वाळत घालत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "ती? मला वाटलं तुमच्या बिर्तेच्या मैत्रिणीची." वरच्या विद्यार्थ्याला वाटत होतं ती एल्नाच्या बहिणीची. आम्ही एकमेकींकडे बघून हसायला लागलो. इतके दिवस सगळ्यांनी तिला झोके दिले आणि ती कुणाची ते कुणालाच ठाऊक नाही. बरं, संध्याकाळी आम्ही गाड्या आत घ्यायचो तेव्हा ती तिथे नसायची. पण नेताना कुणी पाहिली होती? कुणीच नाही.

तेवढ्यात एस्बर्न आला. तो आमच्या इमारतीचा रखवालदार, तोंडात कायम पाइप.

"ती होय," तो म्हणाला. "तिच्या चाकांना तेल मीच घालतो. करकरायला लागतात."

"पण आहे कुणाची?" डाग्नीने विचारलं.

"मागच्या घरातल्या कुणाची असेल."

"मागच्या घरात सगळे म्हातारे आहेत," मी म्हटलं.

"मग त्यांच्या नातवंडाची."

"तेल कधीपासून घालतोस, दादा?" डाग्नीने विचारलं.

एस्बर्न विचार करायला लागला. "आलो तेव्हापासून. म्हणजे, जर्मन आले त्या लढाईच्या आधीपासून."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. त्याने पाइप तोंडातून काढला आणि तसाच, पेटलेला, खिशात घातला.

"मग ते मूल आता लग्नाचं झालं असेल," डाग्नी म्हणाली, आणि सगळे खो खो हसले. एस्बर्नसुद्धा. खिशातून धूर यायला लागला तेव्हा आणखी हसले.

वर आल्यावर मी डाग्नीला समजावलं. बाबागाडी काय एका मुलाची असते? एकाची झाली की दुसऱ्याची, बहिणीची झाली की नणंदेची. मारेनचीच निळी गाडी बघ, एल्नाच्या थोरल्याची होती, एक चाक तर मीच बदलून घेतलंय. गाडी जुनी, मूल नवं. त्यात काय?

"असेल," डाग्नी म्हणाली. तिला पटलं. मला मात्र ते बोलताना जेवढं पटलं होतं तेवढं नंतर पटेना. आत मूल असलं की गाडी कशी झुलते ते हाताला कळतं. मी इतक्या मुलांना झोके दिलेत. मुलं महिन्या-महिन्याला जड होत जातात. ती चौथी गाडी होती तेवढीच जड राहिली होती.

दुसऱ्या दिवसापासून एस्बर्न अंगणातून यायचा बंद झाला. रस्त्याकडच्या दाराने वळसा घालून यायला लागला.

४

एका संध्याकाळी डाग्नी मोठं चर्च बघून आली. पाय पाण्यात घातल्यावर म्हणाली, "इंग्रजांच्या तोफांनी त्या चर्चचा कळस जळत खाली कोसळला म्हणे. हा सगळा भाग जळला. लोक घरातून पळाले, जे हाताला लागलं ते घेऊन."

"हो," मी म्हटलं. "ते सगळ्यांना माहीत आहे."

"तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही त्या गोळ्यावर चिमण्या बसवता."

"मग काय करू? दीडशे वर्षं झाली. चिमण्यांना सांगू बसू नका म्हणून?"

ती हसली. पण दुसऱ्या दिवशी मारेनला गाडीत ठेवताना ती माझ्याबरोबर खाली आली आणि तिने भिंतीला तळवा लावला.

"ऊबदार आहे," ती म्हणाली.

"बेकरीची भट्टी आहे ना पलीकडे."

"बेकरीच्या खिडकीत तर मला जोडे दिसले."

 बेकरीवाला ईस्टरच्या सुमाराला दुकान विकून मुलाकडे गेला होता, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्याच्या जागी जोड्यांचं गोदाम झालं होतं. पाव मी तेव्हापासून कोपऱ्यावरून आणत होते. आणि तरी रोज दुपारी मी मारेनची गाडी त्या भिंतीला लावायचे, ऊब मिळेल म्हणून.

"दगड ऊन धरून ठेवतो," मी म्हटलं.

डाग्नीने वर बघितलं. चारी बाजूंनी घरं. त्या भिंतीवर ऊन कधी पडतच नाही. मी वाळलेले कपडे गोळा करायला लागले. चौथ्या गाडीजवळून जाताना करपलेल्या पावाचा वास आला. तो वास पूर्वीही यायचा. आम्ही बेकरीवाल्याला नावं ठेवायचो.

५

मग पावसाने झोडपलं. पाऊस थांबला त्या दिवशी धुकं उतरलं, दुधासारखं दाट. मी मारेनला निजवून, दुलई हनुवटीपर्यंत ओढून गाडी भिंतीशी लावली. एल्ना आणि वरची विद्यार्थिनी, दोघींनी आपापली मुलं आधीच आणून ठेवली होती. चौथी गाडी होतीच. मी बटाटे आणायला तळघरात उतरले.

तळघरातल्या झरोक्यातून अंगणातलं सगळं ऐकू येतं. बटाटे टोपलीत टाकता टाकता मारेनचा आवाज आला. रडणं नव्हे, नुसती कुरकुर. मी टोपली घेऊन वर आले, टोपली फरशीवर ठेवली आणि तिच्या गाडीचा दांडा धरला. दोन झोके, मग आणखी दोन. आतून एक लांब श्वास सुटला, मुलं गाढ झोपेत शिरताना सोडतात तसा. गाडी छान जड झुलत होती.

झोके देता देता माझं लक्ष चौथ्या गाडीकडे गेलं. तिचा टप मागे पडला होता. एवढ्या दिवसांत तो मागे पडलेला मी कधी पाहिला नव्हता. आत कुणी नव्हतं. ओलीचिंब उशी होती आणि तिच्यात डोक्याएवढा खळगा.

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एकदाची आली हिची आई, नेलं बाळाला उचलून.

तेवढ्यात वरची खिडकी उघडली.

"थोरे, बटाट्यांना कोंब फुटायची वाट बघतेस का?" डाग्नीने हाक मारली. "आणि रिकामी गाडी कसली झुलवतेस? मारेन माझ्याकडे आहे. तू तळघरात गेलीस आणि मी तिला वर आणलं. रागव मला हवं तर, पण तिचं नाक बर्फासारखं झालं होतं."

मी वर बघितलं. धुक्यातून डाग्नी दिसत होती, कडेवर मारेन. तिने मारेनपुढे लाकडी डाव नाचवला आणि मारेन हसली. मारेन हसली की तिला उचकी लागायची, दर वेळी, आम्ही त्यावरून तिला चिडवायचो. वरून ती उचकी ऐकू आली.

मग माझ्या हाताखालून, टपाच्या आतून, तशीच उचकी आली. जराशी उशिरा. पहिल्यांदा करून बघावी तशी.

माझा हात दांड्यावर होता आणि गाडी झुलत होती. टप उचलावा असं माझ्या मनात आलं का? आलं. तो उचलला गेला नाही. टपाच्या कडेखाली मारेनच्या दुलईची किनार दिसत होती, मी स्वतः विणलेली, आणि ती किनार आतून हळूच ओढली गेली. गालाखाली कोरडी लोकर घ्यावी तशी. ओढताना बोटं दिसली. लहान बोटं, नखं काळी.

मी आणखी दोन झोके दिले. हात थांबवायची हिंमत नव्हती म्हणा, नाहीतर सवय म्हणा. मग टोपली तिथेच टाकून जिना चढले.

६

वर जाऊन मी मारेनला डाग्नीकडून घेतलं आणि तिच्या डाव्या कानामागे बघितलं. तीळ होता. तरी मी तिचे मोजे काढले, पाय बघितले, तळवे बघितले, तोंडात बोट घालून नुकता आलेला दात चाचपला. तिने मला कडकडून चावलं. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

"अगं, काय शोधतेस?" डाग्नीने विचारलं.

मी सांगितलं. ती खिडकीशी गेली, खाली बघत उभी राहिली. मग म्हणाली, "थोरे, मी तिला वर आणलं नसतं तर त्या गाडीत..."

"कॉफी घे," मी म्हटलं.

तिने घेतली. नंतर आम्ही त्या वाक्याच्या पुढे कधी गेलो नाही.

बिर्ते घरी आली आणि पहिलाच प्रश्न, "आई, जिन्याखाली गाडी नाहीये."

"दिली मी ती."

"दिली? कुणाला?"

"गरज होती त्याला."

"आई, चांगली गाडी होती ती."

"होती ना चांगली. म्हणूनच."

ती खिडकीतून वाकली. "खालीच तर आहे. वेडी आहेस का तू? मी घेऊन येते." आणि दाराकडे वळली.

मी दारात उभी राहिले. पोरीच्या वाटेत मी जन्मात कधी उभी राहिले नव्हते, लग्नाच्या वेळीसुद्धा नाही, आणि तेव्हा तर राहायला हवं होतं. बिर्तेने माझ्याकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"मी नवी घेऊन देणार आहे," डाग्नी झटकन म्हणाली. "मावशीची भेट. मोठ्या चाकांची. उद्याच जाऊ."

"मग आधी सांगायचं ना," बिर्ते म्हणाली आणि कोट काढला.

जुनी, टप चिरलेली गाडी मात्र त्यानंतर रात्रंदिवस अंगणात पडून राहिली. शेवटी एस्बर्नने ती भंगारवाल्याच्या गाड्यावर चढवली. मी त्याला गाठून विचारलं, "आत काय होतं रे?"

त्याने पाइप तोंडातून काढला. या वेळी आधी विझवला. "पाणी, थोराबाई. नुसतं पाणी. उशी पिळली तर बादली भरली. एवढी गळत होती आणि आम्ही नुसते झोके देत राहिलो."

७

आता आमच्या अंगणात गाड्या दुसऱ्या बाजूला लावतात, लिंडेनच्या झाडाखाली. मीच तशी सवय पाडली. नव्याने राहायला आलेल्या बायकांना सांगायचे, भिंतीकडे ओल असते. एकच गाडी भिंतीकडे असते, निळी, एक चाक वेगळं. दुपारी असते, संध्याकाळी नसते. येणारे-जाणारे झोके देतात.

डाग्नी अर्जेंटिनाला परत गेली, आणि मरेपर्यंत दर वर्षी पार्सल पाठवायची. तिकडचे गुराखी पावसात अंगावर घेतात ते मेणकापड, हातभर लांब, आणि वर एक चिठ्ठी, बिर्ते वाचून दाखवायची: "नाक लाल होऊ देऊ नकोस." दर शरद ऋतूत पाऊस सुरू व्हायच्या आधी मी दाभण आणि दोरा घेऊन खाली जायचे आणि निळ्या गाडीच्या टपावर जिथे कापड विरलं असेल तिथे ठिगळ लावायचे. बाहेरून. हात आत घालायचा नाही. मी शिवत असले की आतून आवाज यायचा नाही. शहाण्यासारखं पडून असायचं. पाऊस सुरू झाला की मी खिडकीत बसून बघायचे, आणि टपावरून पाणी बाहेरच्या बाहेर ओघळून गेलेलं दिसलं की मला झोप लागायची.

यंदा मला दाभण धरवेना. बोटं वळत नाहीत. आणि यंदाच मारेन तिच्या तान्ह्या मुलाला घेऊन आमच्याकडे राहायला आलीय, नवरा समुद्रावर असतो म्हणून. तिला मी सगळं सांगितलं. तिने हनुवटी तळव्यावर टेकून ऐकलं आणि हसली.

"आजी, तुझं भूत माझ्या दुलईत झोपतं?"

"भूत कुणी म्हटलं? मी म्हटलं, त्याची गाडी गळत होती."

"बरं बाई. दे तो दोरा."

आम्ही खाली गेलो. मी स्टूल घेऊन बसले, ती गाडीपुढे गुडघ्यावर बसली. डाग्नीचं शेवटचं कापड शिल्लक होतं. तिने ते टपावर पसरलं आणि मोठमोठे टाके घालायला लागली, वाटेल तसे, बोलत आणि हसत. लिंडेनखाली तिचं बाळ झोपलं होतं.

"एवढे लांब टाके घातलेस तर पाणी शिरेल," मी म्हटलं.

"शिरू दे की," मारेन म्हणाली. "फार तर दुसरी गाडी शोधेल तुझं..." आणि तिला हसू आवरेना, आणि हसता हसता लहानपणापासून लागते तशी उचकी लागली.

टपाच्या आतून तशीच उचकी आली. आता उशीर नव्हता. इतक्या वर्षांत चांगली येऊ लागली होती.

मारेनचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग अंगणापलीकडे लिंडेनखालच्या गाडीकडे पाहिलं. मग घातलेले सगळे टाके उसवले, दोरा पुन्हा ओवला, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बारीक टाके, जवळजवळ. अगदी जवळजवळ.